आईची सकाळची गोळी

आईला आळशी म्हणणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते.

सकाळी दहा वाजता पुन्हा आडवी व्हायची. मे महिन्यात स्वेटर घालायची.

आत्या कोथरूडला आली की म्हणायची, "वहिनी, तुम्ही बसा हो. उठलात की दमता."
आम्ही हसायचो. आईही हसायची.

एकतीस वर्षं हे असंच चाललं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात ती चक्कर येऊन पडली. ॲडमिट केलं. सोडियम पार खाली गेलं होतं. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, मुलीला अंगावर पाजलं होतंत का?"

आई म्हणाली, "दूधच आलं नाही हो. पाळीही परत आली नाही."

माझ्या जन्माच्या वेळी तिला खूप रक्तस्राव झाला होता. त्यात तिची पिट्युटरी गेली. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी, आणि सगळ्या शरीराची सूत्रं तिच्या हातात.
मी जन्मले आणि आईचं शरीर बंद पडत गेलं. आम्ही त्याला स्वभाव म्हणालो.

गोळ्या सुरू झाल्या. स्टिरॉइड आणि थायरॉइडची.
महिन्याभरात आई तीन जिने चढून गच्चीवर गेली. गाणं गुणगुणायला लागली. मी तिला असं कधी पाहिलंच नव्हतं.

डॉक्टर मला म्हणाल्या होत्या, "आता त्यांचं शरीर या गोळीवरच चालतंय. स्टिरॉइड एक दिवससुद्धा चुकवायची नाही. उलटी झाली तर लगेच हॉस्पिटल."
मी मान हलवली. घरी येऊन डबीवर स्केचपेननं लिहिलं, 'नाश्त्यानंतर'.
एवढंच लिहिलं.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "इतकी वर्षं झेपलं नाही गं. या वेळी निर्जळी उपास करते."
मी म्हणाले, "कर की! आता तू ठणठणीत आहेस."

हरतालिकेला दुपारी तिला उलट्या झाल्या. बाबा म्हणाले, पित्त झालंय. मलाही तेच वाटलं. पाणी दिलं तर मानेनंच नाही म्हणाली, उपास होता ना. आम्ही पडदे ओढून तिला झोपू दिलं.
संध्याकाळी हाक मारली तर उठेना.

कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न आला, "सकाळची गोळी घेतली होती?"
बाबा म्हणाले, "नाश्ता नव्हता ना आज."

डबीवर 'नाश्त्यानंतर' मीच लिहिलं होतं.

गणेश चतुर्थीला सकाळी आई गेली. तिथीनं आज वर्ष झालं.

सगळे म्हणतात, तुझी चूक नाही. असं म्हणू नका, प्लीज. मला ते ऐकवत नाही.

तुमच्या घरात कुणाला रोजची स्टिरॉइड चालू असेल तर आत्ता उठा आणि विचारा, घेतली का. उपास असो, सोवळं असो, काहीही असो.

आई, लोक खाली श्रद्धांजली लिहितील. माझ्याच्यानं लिहवत नाही.
तू एकदा परत ये.
या वेळी सगळं नीट समजावून सांगते.