बेकरीपासून तिसरा कंस

उम्म कुतैबा आमच्या कचेरीत आल्या त्या दिवशी मी कपाळाला हात लावला होता, हे आधीच कबूल करून टाकते. वय अठ्ठेचाळीस. एकवीस वर्षं अम्मानच्या एका टॅक्सी कंपनीत वायरलेसवर बसून गाड्या पाठवलेल्या. कंपनी बंद पडली, बाईंनी वर्षभर क्लास केला आणि थेट प्रोग्रॅमर व्हायला आमच्या दारात! मी आमच्या मालकाला, उस्ताद गस्सानला, तोंडावर विचारलं, "इथे काय टॅक्स्या सोडायच्यात?"

"तीन महिने बघू, हनादी," तो म्हणाला. "नाही जमलं तर घरी."

घरी म्हणजे काय, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. घरी मुलाची, म्हणजे कुतैबाची, सासू मुक्कामाला होती आणि तिच्याबरोबर दिवसभर टीव्हीवर मालिका बघाव्या लागत. "त्यापेक्षा मला मृत समुद्रात बुडवा," त्या म्हणत, आणि तिथे कोणी बुडतच नाही म्हणून वर सुस्कारा टाकत.

त्यांना मिळालं ते काम आमच्यापैकी कोणालाच नको होतं. आम्ही ज्या एडिटरमध्ये कोड लिहितो त्यात एक फॉर्मॅटर आहे. बटण दाबलं की वेडावाकडा कोड सरळ रांगेत बसवतो. पण एखादा कंस बंद करायचा राहिला की हा अडून बसतो आणि खाली लाल अक्षरांत ओरडतो: ओळ ३११२, इथे कंस हवा होता. तिथे जाऊन बघावं तर फाईल संपलेली, ओळ कोरी! कंस राहिलाय हजार ओळी वर, आणि हा मेला शेवटपर्यंत धावत जाऊन भिंतीला धडकतो आणि त्या भिंतीचा पत्ता देतो. ही ओरड वाचून खरी जागा दाखवेल असं काहीतरी बाईंनी एडिटरला जोडायचं होतं.

"ओळीचा नंबर हवाच कशाला?" पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं. "एकवीस वर्षांत एका गिऱ्हाइकाने घराचा नंबर सांगितला असेल तर शप्पथ. औषधाच्या दुकानासमोर या, मशिदीच्या मागे या, पूर्वी जिथे बेकरी होती तिथून खाली तिसरं दार. गाडी पोचायची की नाही?"

ती बेकरी पाडून पंधरा वर्षं झाली आणि आम्ही सगळे अजून पत्ता तिच्यावरूनच सांगतो, ते खरंच. पण म्हणून कोडमध्ये? हसून हसून माझी पुरेवाट झाली. पुढचे तीन महिने मी त्यांना रोज सकाळी विचारायचे, "काय उम्म कुतैबा, गाडी बेकरीपाशी आली का?"

बाईंनी खरोखर तसंच केलं हो! आधी फॉर्मॅटरची ओरड वाचायची. मग फाईलच्या वरून निघायचं आणि प्रत्येक कंस आपापल्या दारासमोरच बंद झालाय ना, ते बघत यायचं. जो भलत्याच्या दारात उभा सापडेल तिथे थांबायचं. आणि पत्ता सांगायचा तो खुणेने. खुणा म्हणजे कोडच्या कडेला आम्ही स्वतःसाठी लिहिलेले शेरे. पुसलेले शेरेसुद्धा, कारण फाईलच्या जुन्या प्रती मशीन जपून ठेवतं.

तीन महिन्यांतल्या शेवटच्या गुरुवारी सकाळी उस्ताद म्हणाला, "भाड्याची फाईल घेऊ. जेवायच्या सुट्टीत त्यातला एक कंस मी गुपचूप उडवतो. तुमच्या यंत्राला सापडला, तर नोकरी पक्की."

भाड्याची फाईल! गिऱ्हाइकांकडून घ्यायचं भाडं मोजणारी. ती मी लिहिलेली. दोन वर्षांपूर्वी उस्तादशी कडाकडा भांडून आल्यावर तिच्यातल्या एका ओळीच्या शेवटी मी शेरा मारला होता: "हा पसारा उस्तादच्या हट्टापायी. माणूस नाही, खेचर आहे." मी धावत जागेवर गेले, ती ओळच्या ओळ पुसली, आणि सुटले एकदाची म्हणून मरमियाच्या सुगंधी पानांचा चहा पीत बसले.

दुपारी सगळे उम्म कुतैबांच्या टेबलाभोवती जमले. बाईंनी बटण दाबलं. फॉर्मॅटर नेहमीसारखा भिंतीला धडकून ओरडला आणि त्याखाली अक्षरं उमटली: "'शुक्रवारी दुप्पट भाडं' या शेऱ्यापासून चार ओळी खाली."

"बरोबर!" उस्ताद म्हणाला. मी टाळी वाजवायला हात उचलले, तोच खाली आणखी एक ओळ आली: "दुसरी गडबड. सामानाचं भाडं संपतं तिथे, पूर्वी जिथे शेरा होता, त्याच दारात."

"दुसरी कसली? मी एकच उडवला." उस्तादने आपला कंस जागच्या जागी परत लावला आणि बटण दाबलं. फॉर्मॅटर पुन्हा ओरडला. उस्तादचा चेहरा लाल झाला. "सकाळी ही फाईल धड होती, बाई! तुमच्या यंत्राने तिची वाट लावली."

उम्म कुतैबांनी माझ्याकडे पाहिलं. खुणांसाठी त्यांनी माझा शेरा न् शेरा वाचला होता. हा शेरा कोणी पुसला, ते त्यांना बरोबर कळलं होतं. मला वाटलं, आता बोलतात. पण बाईंनी चष्मा डब्यात ठेवला आणि पर्स आवरायला लागल्या.

लाजेने माझे कान तापले. तीन महिने मी जिची टर उडवली ती बाई माझ्यासाठी मालिका बघायला निघाली होती!

"थांबा!" मी ओरडले. "यंत्र बरोबर आहे. तो कंस मी उडवला. शेरा पुसताना ओळीबरोबर गेला."

"कुठला शेरा?"

"जाऊ द्या ना, उस्ताद."

"वाच."

जुनी प्रत उघडून वाचला. खेचरासकट. मग उम्म कुतैबांच्या नाकातून फुर्रकन हसू निसटलं, ते त्यांनी पर्समध्ये तोंड घालून दाबलं, आणि मग कोणाचंच कोणाला आवरेना. उस्ताद तर टेबल बडवत होता.

"ती पर्स खाली ठेवा, उम्म कुतैबा," तो डोळे पुसत म्हणाला. "शुक्रवार-शनिवारची सुट्टी झाली की रविवारी आठला या. आणि तू, हनादी, कंस परत लाव."

"लावते."

"शेराही."

"अहो, तो कशाला आता?"

"वा! मग लोकांना पत्ता कसा सांगायचा?"

अजून आहे तो तिथे. परवाच उस्ताद फोनवर कोणाला तरी भाड्याची फाईल समजावत होता: "नंबर राहू द्या हो. खेचरापासून खाली तिसरी ओळ."