धाकट्या जावेचं डिप्रेशन

करडी गावच्या चंद्रकलाबाईच्या डोळ्यांत धाकट्या जावेचं दुखणं खुपत होतं. साडी नाही, पाटल्या नाहीत, चक्क दुखणं!

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी या जावेला, सरिताला, डिप्रेशन आहे म्हणून सांगितलं आणि घराचा नूरच पालटला. तिचा नवरा भुपेंद्र, ज्याने जन्मात कधी पाण्याचा गिलास स्वतः भरून घेतला नाही, तो चहा करून तिच्या उशाशी ठेवू लागला. सासूचा आवाज खाली आला. गावात तर या शब्दाची अशी चलती झाली, की पत्त्यांत हरलेला डोमाही "डिप्रेशन आलं ना बाप्पा" म्हणत पारावर बसायचा. अर्थ कुणालाच धड ठाऊक नव्हता. चंद्रकलाच्या लेखी तो सरळ होता: कामातून सुटका आणि आयता चहा.

तिची स्वतःची लेक तापात गेली तेव्हा तिच्या वाट्याला काय आलं होतं? "कामात मन रमते," म्हणत सासूने तिला धानाच्या रोवणीला धाडलं. चिखलात रोप लावता लावता ती रडायची, तर बायका म्हणायच्या, नाटकं करते. रोवणीची गाणी म्हणण्यात तिचा हात धरणारी गावात कुणी नव्हती. तिने तेव्हा तोंड मिटलं ते मिटलंच.

पुढच्या तपासणीला भुपेंद्रला जमेना, म्हणून चंद्रकलाच सोबत गेली. सरिता मोबाइल पाहून कशी खिदळते ते सांगून हिचं पितळ आज उघडं पाडायचंच, असं ठरवूनच ती बसमध्ये चढली.

पण दवाखान्यात आधी सरिताच बोलू लागली. "पहाटेच जाग येते. मंग कायले उठू, हेच समजत नाही. हासू येते कधी कधी, पण आत काहीच वाटत नाही."

"हेच डिप्रेशन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा आळस नाही, नाटक नाही. आजार आहे."

चंद्रकलाच्या अंगाचा तिळपापड झाला. "याले म्हणते डिप्रेशन? मंग मले तं केव्हाचंच हाय! माही पोरगी गेली तेव्हापासून हाय! हिले आयता चहा, अन् मले काहून नाही?"

सरिता उठली. तिने चंद्रकलाचा हात धरून तिला आपल्या स्टुलावर बसवलं. "बाई, आधी तुमी बसा."

"तेव्हा तुम्हाला कुणी काहीच विचारलं नाही?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

"विचारलं ना," चंद्रकला म्हणाली. "उद्या रोवणीले येतेस का, म्हून."