चॅम्पियन म्हणे... हरवलंय कोणाला?

पंधरा दिवसांपूर्वी, रविवारी, धारवाडच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये मी जन्मात पहिल्यांदा बॉक्सिंगची मॅच पाहिली... तीसुद्धा पोटच्या मुलीची. अजून ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून मोकळी होतेय.

आमची मृदुला डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाव मृदुला, पण खेळते हेवीवेटमध्ये. सलग दोन वर्षं जिल्ह्याची चॅम्पियन... आणि आमच्या मळमड्डी भागात हे ज्याला माहीत नाही असं एकही घर मी शिल्लक ठेवलेलं नाही!

मॅच बघायला मात्र ती मला कधी येऊच द्यायची नाही. "आई, तू घाबरशील," म्हणायची. या वेळच्या जिल्हा स्पर्धेला मी न सांगताच गेले आणि मधल्या रांगेत गुपचूप जाऊन बसले.

माईकवरून 'चॅम्पियन' म्हणून तिचं नाव पुकारलं. मी टाळ्या वाजवतेय, तेवढ्यात माझ्या मागे बसलेला एक माणूस शेजाऱ्याला कन्नडमध्ये म्हणाला, "चॅम्पियन अंत... यार्न सोलस्याळ्री अकी?" चॅम्पियन म्हणे, हरवलंय कोणाला हिनं?

दुसरा हसला. पहिल्या वर्षी म्हणे समोर कोणी आलंच नव्हतं, नुसता वॉकओव्हर. दुसऱ्या वर्षी गोळाफेकीतली एक मुलगी, वजन बसतंय म्हणून उभी केलेली... एक ठोसा खाल्ला आणि रिंगमधून खाली उतरली ती परत चढलीच नाही.

माझे हात टाळी वाजवता वाजवता तसेच राहिले. मागे वळून चांगलं सुनावणार होते, पण बेल झाली.

समोर होती रेणुका, अळणावरजवळच्या एका खेड्यातली. उंच, अंगानं भक्कम, चेहरा एकदम शांत. मृदुला नेहमीच्या तोऱ्यात पुढे गेली, आणि पुढच्या क्षणी तिचं डोकं मागे फेकलं गेलं... तो आवाज! माझ्या मुलीला मी लहानपणी चापटसुद्धा मारलेली नाही हो.

दुसऱ्या राउंडमध्ये तिच्या नाकातून रक्त आलं. रेफरी तिच्यासमोर उभा राहून आकडे मोजायला लागला आणि मी उठून ओरडले, "थांबवा!" मराठीत ओरडले की कन्नडमध्ये, देव जाणे. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता.

मृदुलानंही बघितलं. मान हलवून 'बस खाली' अशी खूण केली आणि पुन्हा हात वर धरून उभी राहिली. तिसऱ्या राउंडमध्ये तिनं जे काही केलं ते मला कळलं नाही, पण ती मागे हटत नव्हती, आणि माझ्या मागचा तो माणूस आता उभा राहून तिचंच नाव घेऊन ओरडत होता...

हरली. रेफरीनं रेणुकाचा हात वर केला.

मी पळत पळत मागच्या खोलीत गेले. वाटलं, रडत असेल. बघते तर बाईसाहेब नाकात कापूस घालून हसतायत! मला खरंच वाटलं, डोक्याला मार लागला हिच्या.

"आई, मी आज पहिल्यांदा मॅच खेळले गं," म्हणाली.

"म्हणजे ते लोक बोलत होते ते खरं?"

"खरंय. म्हणून तर तुला येऊ देत नव्हते. दाखवण्यासारखं होतं काय त्यात?"

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या, रेणुकाच्या आई. खूप संकोचून म्हणाल्या, "ताई, लई लागलं का हो लेकराला? आमची जरा दांडगीच हाय..."

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला त्या मुलीचा भयंकर राग आला होता. त्यांचा चेहरा बघून तो कुठे गेला कळलंच नाही. मी त्यांना हाताला धरून आत बसवलं.

बोलता बोलता कळलं, रेणुकाचा मामा फौजेत आहे. तो सुट्टीला आला की शिकवायचा. बाकी वर्षभर ती कोंडा भरलेलं पोतं झाडाला टांगून त्यालाच मारते. रोज धारवाडला येणं जमत नाही, त्यामुळे आता राज्याच्या स्पर्धेला एकदा जायचं आणि मग हे सगळं बंद, असं घरात ठरलेलं.

"बंद कशाला?" मृदुला एकदम म्हणाली. "आमच्याकडे राहू दे की हिला. बॉक्सिंगच्या सरांकडे बरोबरच जाऊ. मला रोज मारायला कोणीतरी पाहिजे ना!"

मी म्हटलं, आधी घरी विचारते. घरी आल्यावर हिचे वडील, अप्पा, मलाच विचारायला लागले, "जिनं मारलं तिलाच घरी ठेवायचं?" पण मृदुलाच्या सुजलेल्या तोंडाकडे बघून तेच पुढे म्हणाले, "ठेवू या."

बुधवारी रेणुका आली. आता दोघी पहाटे उठून सप्तापूरला सरांच्या शेडमध्ये जातात आणि लाल तोंडं घेऊन, हसत हसत परत येतात. भाकऱ्या दुप्पट नाही, तिप्पट लागतात!

काल रेणुकाच्या आईंचा फोन आला. जेवण, झोप, सगळं विचारून झालं. मग जरा थांबून म्हणाल्या, "ताई, तुमची पोरगी हिला मारती का नाही?"

"मारते की! काल तर रेणुकाचा ओठ फुटला."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "निस्ती पाहुणीगत ठेवू नका तिला."

दुसऱ्याच्या मुलीचा ओठ फुटला हे मी अभिमानानं सांगतेय, आणि पलीकडून तिची आई 'बरं झालं' म्हणतेय! आमची चॅम्पियनशिप गेली ती गेलीच. पण ज्या माउलीनं आपली मुलगी विश्वासानं माझ्या घरी पाठवली, तिच्यामुळे माझी मुलगी आता कुठे बॉक्सर व्हायला लागलीय.