निमकर साहेबांची छपराची बोट

निमकर साहेब पहिल्यांदा आमच्या घरी आले, ते चहाला. बसण्याआधी त्यांनी खिशातून पोलादी टेप काढला, आमच्या दिवाणखान्याच्या दाराची उंची मोजली आणि म्हणाले, “दीड इंच कमी आहे. नकाशात काय होतं?” घराचा नकाशा वडिलांनी काढवला होता की नाही हेच मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर लोक जन्मतारीख माहीत नसलेल्या माणसाकडे टाकतात. मग ते बसले, दोन कप चहा प्यायले आणि जाताना पुन्हा एकदा दाराकडे बघून हळहळले.

ते आर्णीत आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. सगळी नोकरी त्यांनी कालव्यांच्या कचेरीत नकाशे काढण्यात घालवली. कालव्याला आमच्याकडे नहर म्हणतात. गावाबाहेरून जाणारी नहर, तिच्यावरचे पूल, तिची दारं, सगळं कधी ना कधी साहेबांच्या पेन्सिलीखालून गेलेलं. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. नकाशात काही बदललं, तर काय बदललं, कोणी सुचवलं, कोणी मंजूर केलं, ते त्या चौकटीत लिहायचं. तिला ते दुरुस्तीचा रकाना म्हणत. “विलास,” ते मला सांगत, “माझ्या एकाही नकाशात तो रकाना भरलेला सापडणार नाही. कोरा! लोक बांधताना चुकतात, नकाशा चुकत नाही.”

या श्रद्धेचा प्रसाद सगळ्या गावाला मिळाला होता. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेमागे त्यांनी स्वतः नकाशा छापला. मापात काढलेला, उत्तर दिशेचा बाण असलेला, देखणा. वऱ्हाडाच्या दोन गाड्या त्या नकाशाबरहुकूम निघाल्या आणि नेमक्या एका तुरीच्या वावरात जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी दाखवलेला रस्ता मंजूर होता, फक्त अजून झाला नव्हता. नवरदेवाचे मामा पायातले काटे काढत मांडवात आले, तर साहेब त्यांनाच समजावत होते, “तुम्ही बरोबर आलात. रस्ता चुकला.”

सुमनकाकूंनी या माणसाबरोबर चाळीस वर्षं संसार केला आणि हसतमुखानं केला, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे. काकूंचं माहेर ढाणकीकडचं, नदीकाठचं. लहानपणी त्या पैलतीरावरच्या मावशीकडे डोंग्यातून जात. लग्नानंतर मात्र पाण्यावर बसणं झालं नाही. पुढे गुडघे गेले, तसं घराबाहेर पडणंही कमी झालं. पण बोलता बोलता कधी डोंग्याचा विषय निघाला, की म्हणायच्या, “पाण्यावर बसलं ना विलास, की पोटात कसं हलकं वाटते.”

तीन वर्षांपूर्वी मुलीनं दोघांना इंग्लंडला नेलं. परत आल्यावर आम्ही सगळे राजवाडे, संग्रहालयं ऐकायला जमलो, तर साहेब फक्त नहरीबद्दल बोलले. “तिथं नहरीत शेतीचं पाणी नाही. लोक सहलीला येतात, बोटी घेऊन! रेल्वेच्या डब्यासारख्या लांब बोटी. आत पलंग, चूल, वर फुलांच्या कुंड्या. आणि उन्हाळ्यात गर्दी किती! पाणी चढवायला-उतरवायला दारं असतात, तिथं बोटींची रांग. काठाला बोट बांधायला जागा नाही. लोक रांगेत थांबल्या थांबल्या टपावर बसून चहा पितात, पण कोणी हॉर्न वाजवत नाही!”

“आणि तुम्ही बसलात का बोटीत?” मी विचारलं.

साहेब एकदम टेप शोधू लागले. उत्तर काकूंनी दिलं. “कुठलं बाप्पा! दोन दिवस गेलो, दोन्ही दिवस बोटी भरलेल्या. काठावर उभं राहून दुसऱ्यांच्या बोटी पाहिल्या. हे मात्र तिथंच मोठ्यानं म्हणाले, तुला आपल्या नहरीत बसवीन. मी काही मागितलं नव्हतं हो. पण आता बोललात, तर बसवा.”

काकू हसत बोलल्या, पण मी त्यांच्याकडे बघत होतो. ते हसणं नुसतं थट्टेचं नव्हतं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून साहेबांच्या अंगणात बोट सुरू झाली. माझं टायर-ट्यूबचं दुकान असल्यानं मी आपोआप जहाजबांधणीत ओढला गेलो. तसा मी या धंद्यात आधीपासून होतोच म्हणा. उन्हाळी भुईमुगासाठी नहरीला पाणी सुटलं, की माझ्याकडून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा नेणाऱ्यांत निम्म्या लोकांकडे ट्रॅक्टर नसतो. त्या फुगवायच्या आणि नहरीत टाकून वर पडून राहायचं. मे महिन्यात आमच्याकडे अंगाला थंडावा देणारी दुसरी सोय नाही. साहेबांनी मात्र ट्यूब नाकारली. चार प्लास्टिकचे ड्रम, लोखंडी अँगल, वर फळ्या, आणि काकूंना ऊन लागू नये म्हणून चार सागवानी खांबांवर ताडपत्रीचं छप्पर. या सगळ्याचा रीतसर नकाशा काढला. कोपऱ्यात दुरुस्तीचा रकाना. कोरा.

छपराची उंची ठरवायला त्यांनी गावरस्त्याच्या पुलाचा स्वतःच काढलेला जुना नकाशा उघडला. भरल्या नहरीत पाण्यापासून पुलापर्यंत पाच फूट मोकळी जागा. म्हणून छप्पर साडेचार फुटांवर. नहरीचा चौकीदार किसन तिथं उभा होता. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला, झटकला, पुन्हा बांधला. अडचणीचं बोलायचं असलं की तो असंच करतो.

“साहेब, नहरीत गाळ साचला हाय जी. पाणी वर चढते. मागच्या साली पुलाखालून म्हैस गेलती, तं शिंगं घासले तिचे.”

“म्हशीची उंची नकाशात नसते, किसन.”

“म्हशीचं जाऊ द्या. तुमी एक डाव पुलाजवळ येऊन पाहा ना. मी रोज पाहून राह्यलो.”

“मी हा पूल कागदावर उभा केला, तेव्हा तू रुजूही झाला नव्हतास. नकाशात काय आहे? पाच फूट. संपलं.”

मीही किसनच्या बाजूनं बोललो नाही, हे कबूल करतो. साहेबांशी वाद घालण्यापेक्षा ड्रम बांधणं सोपं होतं.

पाणी सुटलं आणि एका रविवारी सकाळी बोट नहरीत उतरली. किसननं काठावरून दोर धरला. काकूंना खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी उचलून आत ठेवलं. त्यांनी नवी साडी नेसली होती, मांडीवर चिवड्याचा डबा होता. बोट हलली, तसा काकूंनी हात पाण्यात सोडला आणि डोळे मिटले. साहेब समोर बसून टेप घट्ट धरून होते. मी मागे ट्यूबवर, म्हणजे आरमाराचा दुसरा विभाग.

नहरीत त्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं. कोणी ट्यूबवर पडून पेपर वाचत होतं, कोणी बैल धूत होतं, एक जण तर तोंडावर टोपी ठेवून घोरत वाहत चालला होता. छपराची बोट बघून लोक काठाला सरत, हात जोडत. साहेबही मान लववून नमस्कार घेत होते. असे आम्ही थाटात पुलापर्यंत आलो.

पुढचे दोन खांब पुलाला लागले. करकर आवाज झाला आणि छप्पर पुलाला गच्च अडलं. नहर तिथं अरुंद. मागून येणाऱ्या ट्यूबा एकेक करून आमच्यावर येऊन थांबल्या. घोरणारा माणूस काकूंच्या खुर्चीशेजारी येऊन जागा झाला. एक बैल कंटाळून मधोमध उभा राहिला.

“काय झालं पुढं? फाटक लागलं काय?” मागून कोणी ओरडलं.

“काका, गाडी बाजूले घ्या ना जी! इथवर लाइन लागली!”

“कायले घाई करता? काकू चिवडा देऊन राह्यल्या!”

खरंच, काकू डबा उघडून ट्यूबवाल्यांच्या ओंजळीत चिवडा घालत होत्या. साहेब मात्र कोणाकडे बघत नव्हते. त्यांनी हातातला टेप उघडला. पाण्यापासून पुलापर्यंत मोजलं. साडेतीन फूट. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं, तरी तेवढंच. किसन काठावर दोर धरून उभा होता. त्यानं रुमालही झटकला नाही.

“परत ओढून घेऊ का?” मी हळूच विचारलं. साहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी डब्याचं झाकण लावलं.

“मी नाही परत जात,” त्या म्हणाल्या. “तिकडंही काठावरूनच परत आले होते मी.”

साहेबांनी छपराकडे पाहिलं. तीन आठवडे खपून काढलेल्या नकाशातलं छप्पर होतं ते. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “किसन, तुझं बरोबर होतं. छप्पर काढायचं. आरी आण.”

किसननं चौकीतून आरी आणली, ट्यूबवाल्यांपैकीच एक सुतार निघाला. चारही खांब कापले गेले, ताडपत्री माझ्या डोक्यावर आली. साहेब आणि काकू गुडघ्यांत माना घालून पुलाखालून सरकले आणि पलीकडच्या उन्हात निघाले. मागून सगळा तांडा आरडाओरडा करत सुटला. काकूंनी डोक्यावर पदर घेतला होता आणि त्या इतक्या हसत होत्या, की ड्रम हलत होते. साहेबांनी मागे वळून गर्दी पाहिली. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“बघितलंस?” ते काकूंना म्हणाले. “आणि आपली बोट सगळ्यांच्या पुढं आहे.”

त्या हिवाळ्यात साहेब गेले. सकाळी चहा घेता घेता, कोणालाही त्रास न देता. मला त्यांची फार आठवण येते. आमच्या दारातून आत येताना अजून माझी नजर वर जाते.

यंदा नहरीला पाणी सुटायच्या आधी काकूंनी मला बोलावलं. कपाटावरची नकाशांची नळी काढायला सांगितली. किसनही आला होता. बोटीचा नकाशा मी टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. खाली उजवीकडे, साहेबांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात, दुरुस्तीचा रकाना भरलेला होता. मी मोठ्यानं वाचला.

“छप्पर काढले. सुचवले: किसन. मंजूर: सुमन.”

किसननं रुमाल काढला, पण झटकला नाही, डोळ्यांना लावला. काकूंनी ती ओळ माझ्याकडून आणखी एकदा वाचून घेतली. मग पदर खोचत म्हणाल्या, “किसनभाऊ, गाळ किती आहे ते आधी पाहून या. मग बोट काढू.”