दोन तपकिरी बहिणी

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या घरातली गेस्टरूम मी सापांना दिली, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "पाहुणे आले की तूच सांग त्यांना." बॉल पायथन ही अजगराची छोटी, बिनविषारी जात. दिवसभर ऑफिसात पाइपलाइनची ड्रॉइंग्ज बघायची आणि घरी आल्यावर सापांचे डबे साफ करायचे, त्यांची वजनं लिहून ठेवायची. मला हा नाद लावला तो ऑफिसातल्याच एका नागपूरच्या माणसानं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो.

त्याच्याकडूनच मी दोन माद्या घेतल्या, सख्ख्या बहिणी. दिसायला साध्या तपकिरी, पण त्यांचा बाप अल्बिनो, म्हणजे पांढरा-पिवळा, लाल डोळ्यांचा. त्यामुळे तो रंग दोघींच्या रक्तात दडलेला असणारच, असं दादानं सांगितलं. अशा मादीला अल्बिनो नर मिळाला की साधारण निम्मी पिल्लं अल्बिनो निघतात, म्हणून किंमत साध्या मादीच्या चौपट. बापाचा फोटो त्यानं फोनवर दाखवला. मी लेखी काही मागितलं नाही. परक्या देशात आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाकडे कागद मागायची लाज वाटली.

एक मादी ठेवली. दुसरीला जागा नव्हती, म्हणून ती एका रिटायर्ड नर्सबाईंना विकली, त्याच चढ्या भावानं. दोन तास ड्राइव्ह करून आल्या होत्या.

"खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"शंभर टक्के," मी म्हणालो, आणि तसं लिहून खाली सही केली.

मादी वाढायला तीन वर्षं लागली. मग माझ्या अल्बिनो नराशी जोडी लावली. सहा अंडी झाली, सहाही पिल्लं तपकिरी. होतं असं कधीकधी, म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या खेपेला सात. अंडी फुटू लागली तसा मी एकेक डोकं बघत गेलो. सातवंही तपकिरी निघालं तेव्हा इन्क्युबेटरचं झाकण लावून तिथंच जमिनीवर बसलो.

दादाकडे गेलो. त्यानं चहा ठेवला.

"तेरा पिल्लांतलं एकही अल्बिनो नाही, दादा. तो फोटो कुणाचा होता?"

"तसाच होता बाप. म्हणजे, ज्याच्याकडून मी अंडी घेतली, तो तसं म्हणाला होता."

"तुम्ही बाप पाहिलाच नव्हता?"

"अरे यार, सापांच्या शोमध्ये सगळे असंच विकतात. तू तरी पाहिला होतास का? तूही विकलीसच ना एक?"

मी चहा न पिता उठलो. मला त्याचा राग आला होता, पण शेवटचं वाक्य खरं होतं.

शनिवारी नर्सबाईंकडे गेलो. त्यांच्या मादीची अजून एकदाही जोडी लागली नव्हती. सगळं सांगितलं आणि पूर्ण किंमत परत करायला चेक पुढे केला. त्यांनी तो घेतला, घडी घातली.

"साप हवाय परत?" त्यांनी विचारलं.

"नको. तुमचाच आहे."

"तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी मानते. पण माहीत नसताना तुम्ही सही केलीत." त्या दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत.

त्या बहिणींची आणखी भावंडं दादानं ज्यांना विकली होती, त्यातल्या दोघांना मी ओळखत होतो. त्यांनाही कळवलं. एकानं आभार मानले. दुसऱ्यानं विचारलं, "तुमचं दादांशी काही बिनसलंय का?" महिनाभरात मराठी मंडळात मी जळका माणूस म्हणून ओळखला जाऊ लागलो. दादा ऑफिसात समोरून आला की फोन कानाला लावतो.

गेल्या शोमध्ये मी ती तेरा पिल्लं घेऊन बसलो. बाप अल्बिनो आहे, तो माझ्या घरी आहे, येऊन बघा. आई साधी आहे, पिल्लांच्या रक्तात दडलेला रंग बापाचा. असं पाटीवर लिहिलं आणि वाजवी किंमत लावली. दोन रांगा पलीकडे दादाच्या टेबलाशी उभं राहायला जागा नव्हती. त्याच्याकडे आता छापील हमीपत्रं आहेत, सोनेरी कडांची.

दुपारी एक जोडपं थांबलं. बाईंनी पाटी वाचली, एक पिल्लू हातात घेतलं. नवऱ्यानं किंमत पाहिली आणि मला विचारलं, "एवढं स्वस्त का? काही खोट आहे का यांच्यात?"

मी समजावून सांगू लागलो. बाईंनी पिल्लू हळूच डब्यात ठेवलं, आणि दोघं पुढे गेली.