तबकातलं कोकण

अंजनगाव सुर्जीहून वेंगुर्ल्यापर्यंतचा बैलगाडीचा रस्ता माझ्या मावसाजींइतका कोणालाच ठाऊक नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. अडचण एवढीच, की मावसाजी अकोल्यापलीकडे कधी गेले नव्हते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि समुद्र मुंबई इलाख्यात, म्हणजे पार दुसऱ्याच सरकारच्या ताब्यात. पण मावशी लग्न होऊन आली त्या वर्षी, पानांच्या करंड्या भरता भरता, सहज म्हणून गेली, "एकडाव समुद्र पाहाले पायजे." मावसाजींनी तिथल्या तिथे शब्द दिला, आणि तेव्हापासून हा पानमळेवाला माणूस मनाने कायमचा किनाऱ्यावर राहायला गेला.

मी अमरावतीला राजापेठेत खोली घेऊन शिकत होतो. सुट्टीत मावशीकडे गेलो की मावसाजी मला ओसरीवर बसवत आणि पानाचं तबक पुढे ओढत. मला वाटे, आता विडा मिळणार. छे! तबकात कोकण मांडलेलं असे. चुन्याची लांब रेघ म्हणजे किनारा, काताचे खडे म्हणजे घाट आणि सुपारीचं एकेक खांड म्हणजे एकेक मुक्काम. रत्नागिरीपासून समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली खाली चालायचं, खाडी आली की गाडी तरीच्या होडीवर चढवायची, दुपारी माडांच्या सावलीत बैल सोडायचे... सांगता सांगता त्यांचे डोळे अर्धे मिटत, आवाज मऊ होई, आणि अंगणातल्या तुरीच्या ढिगामागून आता लाटेचा आवाज येणार असं मलाही वाटू लागे. एकदा गावच्या पाटलांनी बोलण्याच्या नादात तबकातलं एक खांड उचलून तोंडात टाकलं. मावसाजी कळवळले, "पाटील, तुमी राजापूर खाल्लं ना!" पाटलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. राजापूरच नाहीसं झाल्यामुळे त्या दिवशी आम्हाला दोन मजला एका दमात माराव्या लागल्या.

शहाणी माणसं त्यांना सांगत, अकोल्याला आगगाडीत बसा, मुंबईला उतरा, समुद्र बघा आणि या परत. मावसाजींना हा सल्ला अपमानासारखा वाटे. "आगगाडीनं समुद्र येते, पन रस्ता कुठी येते?" ते विचारत. मग रस्त्याची तयारी. त्यांच्याकडे दमणी होती, छतवाली हलकी बैलगाडी. तिच्या छताला त्यांनी सुताराकडून मावशीसाठी खिडकी पाडून घेतली, तीही फक्त उजव्या बाजूला. मी म्हटलं, "मावसाजी, येताना समुद्र डावीकडे येईल. तेव्हा?" ते शांतपणे म्हणाले, "येतानी झोपन ती. पाहून पाहून थकली राहीन."

आणि बैल! एवढं पाणी शेजारी असताना बैलांना प्यायला कमी कसं पडेल, अशी या काळ्या मातीतल्या माणसाची पक्की समजूत. ते पाणी खारं असतं हे कळल्यावरही गडी हिरमुसला नाही. दुसऱ्या दिवसापासून बादलीत चिमूटभर मीठ टाकून बैलांना सवय लावायला लागला. बैल तोंड बुडवीत आणि मान वर करून धन्याकडे बघत राहत. मावशी दारातून ओरडे, "अजी, मुक्या जनावराले काहून तरास देऊन राहिले?" "तुयासाठीच शिकून राहिले ते," मावसाजी म्हणत, आणि ती पदराआड हसे.

निघणं मात्र होत नसे. नागवेल भारी मिजासखोर. वेळेवर पाणी नाही मिळालं की माना टाकते, आणि दुसऱ्याच्या हाताचा मावसाजींना भरवसा नाही. दरवर्षी पुढच्या वर्षीचं ठरे. अशात मावशीला दम लागायला लागला. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि गाडीचे हादरे अजिबात नकोत म्हणून बजावलं. मावसाजी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तबक घेऊन तिच्या खाटेपाशी बसले. "चाल, निघू. आज दर्यापूरले मुक्काम."

मग रोज संध्याकाळी तबकावर एक मजल. मावशी मोठी हौशी प्रवासी निघाली. खड्ड्यांवरून कुरकुरली, जालन्याच्या बाजारात बांगड्या भरून घेतल्या, पुण्याचं पाणी तिला मुळीच आवडलं नाही. आषाढात दमणी घाट उतरून चिपळूणला आली आणि तिथे अडकली. कधी बैल लंगडे, कधी तरीवाला जागेवर नसे, कधी पावसानं खाडी फुगलेली. जन्मभर समुद्राची घाई असलेला माणूस समुद्र पुढे ढकलत होता. घरात सगळ्यांना कळत होतं का ते. मावशी दिवसेंदिवस खंगत चालली होती, आणि समुद्र आला की प्रवास संपणार होता. मीही रविवार धरून अमरावतीहून येऊन बसे.

एका संध्याकाळी तीच म्हणाली, "अजी, बैल बरा हाये. मलेच दम नाई आता. चाला."

मावसाजींनी चुन्याच्या रेघेवर बोट टेकवलं. "हा आला."

"कसा हाये?"

मी वाट बघत होतो. मावसाजी म्हणाले, "मले नाई मालूम. रस्ता साऱ्याईले पुसला, पन समुद्र कसा दिसते ते कोनाले सांगू नाई देल्लं. तुयासंगंच पाहाचा होता."

मावशीनं खाटेवर थोडी जागा केली. "मंग बसा इथं. दोघंयी पाहू."

ती दोघं तशीच समोर बघत बसून राहिली. मी हळूच बाहेर आलो.

मावशी पोळ्याआधीच गेली. मावसाजी त्यानंतर पुष्कळ वर्षं होते. मला मुंबईला नोकरी लागली, आणि सुट्टीत त्यांना भेटायला गेलो तेव्हा मी उत्साहानं सुरुवात केली, "मावसाजी, आमच्या खोलीतून समुद्र दिसतो. सकाळी तो..."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"नोको सांगू बापा," ते म्हणाले. "तिनं अजून पाह्यला नाई."