विलायती व्हॅनचा हिटर

गॅरेजात आयुष्य काढलेल्या माणसाला ‘एखादा किस्सा सांगा’ असं कधी म्हणू नये. एक नट शोधायला डबा उपडा करावा आणि नको ते सगळं जमिनीवर पसरावं, तसं होतं! एक सांगायला घेतला की त्याच्यामागून दुसरा येतो, आणि घरचे लोक हळूच उठून आत जातात. तुम्ही अजून बसलेले दिसता, तेव्हा आज फक्त एकाच गाडीचा सांगतो. साल सत्तरच्या दशकातलं, शेवटचं कुठलं तरी.

नाशिकला द्वारका चौकाजवळ आमचं गॅरेज. मालक दगूमिस्त्री, मूळचे चांदवडकडचे. मी तिथला इलेक्ट्रिशियन विष्णू. मिस्त्री मला ‘इस्नू’ म्हणत, आणि काही बिघडलं की ‘इस्नूऽऽ’ म्हणत.

*

एका ट्रस्टच्या बाळंतपणाच्या दवाखान्याकडे एक जुनी विलायती व्हॅन होती. परदेशातल्या कुणी देणगीदाराने दिलेली. तिच्यात हिटर होता. डॅशबोर्डवर एक दांडी, एका टोकाला निळा ठिपका, दुसऱ्या टोकाला लाल. दांडी लाल ठिपक्यावर नेली तरी वारा गारच.

“गाडीत शेगडी?” मिस्त्री हसले. “हितं लोक गाडीत पंखा मागत्यात! कुणाला पायजे ही शेगडी?”

“मला पाहिजे,” व्हॅनमागून आवाज आला.

त्या कमल सिस्टर. दवाखान्यातल्या नर्स, आवाज बारीक पण ठाम. त्यांनी सांगितलं ते अजून माझ्या कानात आहे. मागच्या थंडीत सटाण्याहून सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ त्या नाशिकला आणत होत्या. कापसात गुंडाळून, छातीशी धरून. “ओझरपर्यंत पाय कोमट होते, मिस्त्री. ओझरनंतर नव्हते.”

मिस्त्रींचं हसू विरलं. सिस्टर पुढे म्हणाल्या, “आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, हिटर चालला तरच यंदा थंडीत गाडी बाळांना आणायला जाईल. नाही चालला तर ती पोरं तिकडेच राहतील.”

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं.

*

पहिला संशय माझ्या खात्यावर. हिटरचा पंखाच फिरत नव्हता. मी मोटर उघडली, कार्बन बदलले, वायर जोडली. मिस्त्री वारा बघायला तोंड जाळीशी लावून बसले.

“मिस्त्री, जरा मागं व्हा,” मी म्हणालो.

“तू बटण दाब रे!”

मी दाबलं. पंखा फिरला आणि आतून उंदराचं अख्खं घरटं मिस्त्रींच्या तोंडावर आलं! दवाखान्याचा कापूस, धूळ, शेंगांची टरफलं, सगळं. मिस्त्री पांढरेफटक होऊन उभे राहिले, मिशीला कापूस लटकलेला.

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाळीवर हात धरून म्हणाल्या, “वारा आला. पण गारच आहे.”

*

मग प्रश्न आला, हिटर पास की नापास हे ठरवायचं कसं? प्रत्येकाचा हात वेगळं सांगायचा. व्हॅनचा ड्रायव्हर भिकन सटाण्याचा. त्याला सगळंच गरम वाटायचं, कारण त्याला गाडी घेऊन लवकर घरी जायचं असायचं.

सिस्टरांनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. नाशिकच्या थंडीत खोबरेल दगडासारखं थिजतं, हे तुम्हाला सांगायला नको. बाटली बाळ ठेवतात त्या जागी ठेवायची, हिटर लावून गाडी ओझरला नेऊन परत आणायची. तेल पातळ झालं तर हिटर पास!

पहिल्या फेरीहून गाडी आली. सिस्टरांनी बाटली उलटी धरली. थेंब हलला नाही. मिस्त्रींनी स्वतः हलवून पाहिली, मग बाटली जपून परत दिली. त्या दिवसापासून गॅरेजात कुणी ‘हिटर कसा काय?’ असं विचारत नसे, ‘तेल कसं काय?’ विचारत.

*

इंजिनातलं गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून हिटरच्या आतल्या, छोट्या रेडिएटरसारख्या जाळीत जातं, आणि पंखा त्याची ऊब आत फेकतो. मिस्त्रींनी नळ्या सोडून उलट्या बाजूने पाण्याचा जोर लावला. आधी काही नाही, मग चहासारखं पाणी, मग गाळ, मग चक्क वाळू!

“भिक्या, गाडीत पानी कुठलं भरतो रे?”

“गिरणानं पानी शे, मिस्त्री. गोड शे!” भिकन अभिमानाने अहिराणीत म्हणाला. म्हणजे वाटेवरच्या गिरणा नदीचं.

“गाडीला प्यायचंय व्हय ते?”

जाळी स्वच्छ झाली. आम्ही खूश. भिकन ओझरला जाऊन आला. तेल कडेकडेने जरा पाझरलं होतं, मधला गोळा तसाच. डिसेंबर अर्धा संपला होता. निफाडकडे दवाचं बर्फ पडल्याच्या बातम्या येत होत्या, आणि सिस्टर रोज ड्यूटी संपली की गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. पिशवीत ती खोबरेलची बाटली.

*

त्यातच मिस्त्रींना शक्कल सुचली. धुराच्या पाइपाइतकं गाडीत गरम दुसरं काय असतं? त्यांनी पाइपावर पत्र्याचं कवच बसवलं आणि त्यातली गरम हवा नळीने आत घेतली. पाच मिनिटांत व्हॅन उबदार! मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला.

सिस्टर दार लावून आत बसल्या, मांडीवर बाळाऐवजी उशी घेऊन. आम्ही बाहेर. थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं. सिस्टर पायरीवरच बसल्या, दोन्ही हातांनी डोकं धरून. पाइप कुठेतरी बारीक फुटला होता आणि उबेबरोबर धूरही आत येत होता. वास असा जाणवतही नव्हता.

मी पाणी आणलं. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, “मिस्त्री, बाळाला ऊब हवीय. झोप नकोय.”

मिस्त्रींनी तिथल्या तिथे हातोड्याने ते कवच तोडून काढलं. मला खरं सांगायचं तर त्या दिवशी मी फार घाबरलो. उशीच्या जागी बाळ असतं, या विचाराने रात्री जेवण गेलं नाही.

*

शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, व्हॅनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन. बॉनेटवर ते पसरून एकेक ओळ वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. “पंखा तपासा.” झालं, बाई. “नळ्या तपासा.” झालं. “थर्मोस्टॅट तपासा. कुठे आहे तो?”

मी मिस्त्रींकडे पाहिलं.

इथे आमच्या गॅरेजची एक रीत सांगायला हवी. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचं एक छोटं झाकण. पाणी तापेपर्यंत ते वाट अडवून धरतं, तापलं की उघडतं. आमच्याकडे कुठलीही गाडी पहिल्यांदा आली की मिस्त्री आधी ते झाकण काढून टाकत. “हे थंड मुलखाचं खूळ! काढलं की गाडी कशी गार चालती बघा.” चालायचीही गार. घाटात उकळायची नाही. गिऱ्हाईक दुवा द्यायचं. नाशिकचे झाडून सगळे मिस्त्री तेच करत, पण त्यात दगूमिस्त्री गुरू.

गाडी गार, म्हणजे पाणी गार. पाणी गार, म्हणजे हिटर गार. इतकी साधी गोष्ट, आणि आम्ही तीन आठवडे उंदीर आणि वाळू काढत बसलो होतो!

ही व्हॅन दोन वर्षांपूर्वी घाटात उकळली म्हणून पहिल्यांदा आमच्याकडे आली होती. म्हणजे मागच्या थंडीच्याही आधी. मिस्त्रींनी मनात हिशेब केला असावा, कारण त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि बाईंकडे नाही, सिस्टरांकडे वळले.

“शिस्टर, ते मी काढलं व्हतं.”

मला वाटलं, आता सिस्टर रडतील किंवा ओरडतील. त्यांनी तो पाना उचलून मिस्त्रींच्या हातात दिला. मग म्हणाल्या, “तर मग बसवा.”

*

बसवा म्हणणं सोपं. विलायती व्हॅनचं झाकण नाशिकच्या बाजारात कुठून मिळणार? मिस्त्रींनी भंगाराची पिंपं पालथी केली. इतक्या वर्षांत काढून फेकलेली झाकणं ढिगाने निघाली. गंजलेली, चेपलेली, अडकलेली. मापात बसणारी तीन.

चालतात का हे बघायला ती घेऊन आम्ही शेजारच्या चहाच्या टपरीवर गेलो. मिस्त्रींनी पहिलं झाकण तारेला बांधून उकळत्या पातेल्यात सोडलं. उघडलं नाही. दुसरं सोडलं. नाही. तिसरं सोडलं तेव्हा सिस्टर, भिकन, मी, टपरीवरची सगळी गिऱ्हाइकं पातेल्यावर वाकलेली. पाणी खळखळलं, आणि झाकण हळूहळू मधोमध उघडलं.

“उघाडलं!” मिस्त्री एवढ्यांदा ओरडले की रस्त्यावरची सायकल थांबली.

“उघडलं ते ठीक आहे,” टपरीवाला म्हणाला, “पण ह्या पाण्याचा चहा आता पिणार कोण?”

त्याच दिवशी ओझरची फेरी झाली. सिस्टरांनी बाटली तिरपी केली आणि तेल पाण्यासारखं वाहिलं. मिस्त्री मात्र रेडिएटरकडे बघत होते. तो गिरणेच्या गाळाने निम्मा बुजला होता, आणि आता झाकण बसल्यामुळे इंजिन पुन्हा तापणार होतं. “उद्या ह्यो उतरवून साफ करतो. त्याच्याबिगर घाट नको.”

*

उद्या उजाडायच्या आधीच सटाण्याहून दवाखान्याला ट्रंककॉल आला. सातव्या महिन्यातली मुलगी, वजन सव्वा किलो. आईला हलवता येत नव्हतं.

“रेडिएटर?” मी विचारलं.

“पान्याचे डबे घे,” मिस्त्री म्हणाले आणि स्वेटर चढवून गाडीत बसले.

सटाण्याहून सकाळीच निघालो. पुढे भिकन आणि मिस्त्री. मागे मी, मुलीची आजी आणि सिस्टर. सिस्टरांच्या छातीशी कापसाचं गाठोडं, आणि त्यांचा एक हात सतत त्या गाठोड्याच्या आत, पायांवर. हिटर धगधगत होता. आम्ही घामाने भिजलो होतो, पण खिडकी कुणी उघडली नाही.

भावडबारीच्या चढाला इंजिनाच्या तापमानाचा काटा बघून भिकन ओरडला, “काटा लालमा शे, मिस्त्री!”

थांबलो असतो तर इंजिन बंद करून अर्धा तास निवू द्यावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ हिटर बंद. नाही थांबलो तर इंजिन जाणार. इंजिनाला जीव लावणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रेस जास्त दिली म्हणून ते ड्रायव्हरला शिव्या घालत.

मिस्त्रींनी मागे वळून सिस्टरांच्या हाताकडे पाहिलं.

“जळू दे इंजन,” ते म्हणाले. “थांबू नको.”

घाट उतरताना काटा जरा खाली आला. पिंपळगाव गेलं. ओझर आलं. सिस्टरांनी डोळे मिटले होते. ओझर मागे पडलं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “कोमट आहेत.” आजीने पदर तोंडाला लावला.

आडगावला इंजिनातून ठोके यायला लागले. पाणी उडून गेलं होतं, आणि हिटरचा वारा निवत चालला. मिस्त्रींनी स्वेटर काढून मागे दिला, मग सदराही काढून दाराच्या फटीत कोंबला आणि उघड्या दंडांनी बनियनवर बसून राहिले. ठोके वाढत गेले. भिकन रडत रडत गाडी चालवत होता, आणि मिस्त्री त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, “चल बाबा, चल, चल.”

दवाखान्याच्या पोर्चमध्ये व्हॅन शिरली, एक मोठा आचका दिला आणि बंद पडली ती कायमची. बॉनेटमधून वाफ आणि काळा धूर. डॉक्टरीणबाई दार उघडून आत वाकल्या. बोटाची मागची बाजू मुलीच्या तळपायाला लावली, “कोमट आहेत” म्हणाल्या, आणि सिस्टरांना हाताने धरून खाली उतरवू लागल्या.

तेवढ्यात ट्रस्टचे व्यवस्थापक धावत आले. धूर बघून त्यांनी डोक्याला हात लावला.

“अहो मिस्त्री! काय केलंत हे! विलायती इंजिन जाळून टाकलंत? कुणाला विचारून?”

दगूमिस्त्री थंडीत बनियनवर कुडकुडत उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“सायेब, हळू बोला. पोर आत्ताच झोपलीय.”